सेम्बेनचं माप माम्बेतींना लावू नका

दोघेही सेनेगलचे दिग्दर्शक, दोघांच्या सिनेमात राजधानी डाकार आणि तिथली वोलोफ भाषा, दोघेही अधूनमधून स्वतःच्याच चित्रपटात कॅमेऱ्यासमोर. एवढ्या भांडवलावर उस्मान सेम्बेन आणि जिब्रिल दियोप माम्बेती यांना एकाच पोत्यात भरलं जातं, आणि मग माम्बेतींचा 'तुकी बुकी' पाहून आलेले लोक विचारतात, 'यातून सांगायचं काय होतं?'

सेम्बेन तुम्हाला ठाऊक आहेत. फ्रान्समध्ये मार्सेयच्या गोदीतली हमाली, आधी कादंबऱ्या, मग मॉस्कोत सिनेमाचं शिक्षण, १९६३ चा 'बोरोम सारेत', १९६६ चा 'ला न्वार द...'. पुढे चला.

माम्बेती वयाने बावीस वर्षांनी लहान, जन्म १९४५ चा, डाकारच्या कोलोबान वस्तीतला. ते मूळचे नट. डाकारच्या डॅनिएल सोरानो नाट्यगृहात काम करत होते, तिथून काढून टाकलं गेलं. सिनेमाची शाळा त्यांनी पाहिलीच नाही. पूर्ण लांबीचे चित्रपट दोनच केले: १९७३ चा 'तुकी बुकी' आणि १९९२ चा 'इयेन', ज्यात गाना नावाच्या पात्राची भूमिका त्यांनी स्वतः केली. (वोलोफमध्ये बुकी म्हणजे तरस. कोल्हा नव्हे. कृपा करून कोल्हा लिहू नका.) १९९८ मध्ये पॅरिसला वारले.

आता खरी अडचण. सेम्बेनच्या सिनेमात 'हे घडलं' आणि 'हे आठवलं' यांच्यामधला बांध दिसतो. 'ला न्वार द...'मध्ये फ्रान्समध्ये मोलकरीण म्हणून गेलेली दिऊआना डाकार आठवते तेव्हा तिचा आवाज आपल्याला हात धरून मागे नेतो. तिने मालकिणीला भेट दिलेला मुखवटाही एकेका हातातून जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचा अर्थ पुढे सरकतो. माम्बेती हा बांध घालतच नाहीत. 'तुकी बुकी'त पॅरिसला पळून जाऊ पाहणारं तरुण जोडपं, मोरी आणि आन्ता, एका श्रीमंताच्या घरून कपडे आणि गाडी लांबवतात. मोरी गाडीत उघडाच उभा राहून भाषण ठोकतो, आणि लगेच त्यांची राष्ट्रप्रमुखासारखी मिरवणूक निघते. स्वप्न सुरू झाल्याची खूण नाही: पडदा धूसर होत नाही. खूण असते माणसांच्या वागण्यात. उधारीवरून शिव्या घालणारी ओमी मावशी याच मिरवणुकीत त्यांची स्तुती गात नाचते. ती नाचताना दिसली की समजा, आपण मोरीच्या डोक्यात आहोत.

दुसरी खूण आवाजाची. सुरुवातीला बैलावर बसलेला मुलगा, मग कत्तलखाना. पुन्हा मुलगा दिसतो तेव्हा त्याच्यावर मोटरसायकलचा आवाज चढतो, आणि मग शिंगं बांधलेली मोरीची मोटरसायकल येते. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. शेवटी बंदरावर जहाजाच्या जिन्याशी मोरी थबकतो, ओढून नेला जाणारा बैल मध्येच पडद्यावर येतो, आणि मोरी उलटा पळतो. 'बैल म्हणजे आफ्रिका' असं समीकरण मांडून मोकळं होण्याची घाई मला अजिबात आवडत नाही. बैल तिथे येतो तो मोरीच्या पायांना थांबवायला. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांच्यावरून माम्बेतींना मारलेला 'आफ्रिकेचे गोदार' हा शिक्काही तसाच आळशी.

म्हणून 'तुकी बुकी'ने सुरुवात करू नका. आधी १९९४ चा 'ल फ्रांक' पाहा, पाऊण तासाचा आहे. त्या जानेवारीत सेनेगलच्या चलनाचं, सीएफए फ्रँकचं, मोल निम्म्यावर आलं होतं. ५० सीएफए फ्रँकांना मिळणाऱ्या एका फ्रेंच फ्रँकला १०० मोजावे लागू लागले. वादक मारिगो लॉटरीचं तिकीट दारावर चिकटवतो, बक्षीस लागतं, तिकीट निघत नाही, म्हणून तो अख्खं दारच पाठीवर घेऊन शहरभर फिरतो. गोष्ट सरळ आहे, पण वास्तव कुठे सैल होतं ते इथे डोळ्यांना सवयीचं होतं. मग 'इयेन': स्विस नाटककार ड्युरेनमाटच्या नाटकावर बेतलेला असल्याने कथेचा धागा सुटत नाही. तिसरा 'तुकी बुकी'. आणि उपशीर्षकं वाचण्याच्या नादात ती मोटरसायकल ऐकायची राहिली, तर चित्रपट मागे घ्या आणि तेवढा तुकडा पुन्हा ऐका.