दुकान-ऑफिसातले कॉम्प्युटर : आधी बॅकअप, मग अपडेट, अँटिव्हायरस शेवटी

(आमच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार असलेल्या, ग्राहकांसाठी)

हे पत्रक दोन ते पंधरा कॉम्प्युटर असलेल्यांसाठी आहे : पेठांमधली दुकानं, सीएंची ऑफिसं, दवाखाने, भोसरी-नऱ्ह्यातली वर्कशॉप. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘अँटिव्हायरस कुठला टाकू?’ विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू असेल आणि रोज अपडेट होत असेल, तर लहान ऑफिसला तो पुरतो. अँटिव्हायरसचे पैसे आधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर घाला.

बॅकअप

‘बॅकअप आहे’ म्हणणाऱ्या ऑफिसात बहुधा एक पेन ड्राइव्ह वर्षभर सर्व्हरच्या मागे खोचलेला सापडतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला की तो कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल्स लॉक करतो, त्यात हा पेन ड्राइव्हही जातो. म्हणून बाहेरच्या डिस्क दोन हव्यात. एक ऑफिसात, एक मालकांच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची.

टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप घेण्याआधी सगळ्या मशीनवरची टॅली बंद करा. कोणी एंट्री करत असताना फोल्डर कॉपी केलं तर अर्ध्या फाइल्स जुन्या, अर्ध्या नव्या येतात आणि पुढे कंपनी उघडताना एरर येते. टॅलीप्राइममध्ये ‘ऑल्ट’ आणि ‘वाय’ दाबून बॅकअपचा पर्याय निवडणं सगळ्यात सरळ.

तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप परत उघडून बघा. हे फारसं कोणी करत नाही, आणि अडचणीच्या दिवशी नेमकं तेच नडतं. डी ड्राइव्हवर ‘तपासणी’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि रिस्टोअर तिथेच करा. चालू डेटाच्या जागी केलात तर जुना बॅकअप आजच्या डेटावर बसेल. मग कंपनी उघडून शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फाइल्स सिंक होतात, म्हणजे लॉक झालेली फाइलही सिंक होते. जुनी आवृत्ती काही दिवस परत मिळते, पण डिस्कच्या जागी त्यावर विसंबू नका.

अपडेट : मंगळवार, बुधवार आणि पुण्याचा गुरुवार

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले असतात, त्यामुळे ते दिसतात बुधवारी सकाळी. लगोलग गुरुवार येतो, आणि दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा पुण्यातला वार गुरुवारच. अपडेट अर्धवट असताना लाइट गेली तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून बुधवारी संध्याकाळी फक्त एका मशीनवर अपडेट करा, शक्यतो प्रिंटर जोडलेल्या. दोन दिवस बिलं, लेबलं, जुना डॉट मॅट्रिक्स असेल तर तोही, सगळं नीट छापतंय ना बघा. मग शनिवारी बाकीची मशीन. टॅलीचा सर्व्हर सगळ्यात शेवटी, बॅकअप घेऊनच.

यूपीएस असेल तर त्यातली बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएचची, साधारण दोन-तीन वर्षांनी उतरते. दिवा हिरवाच राहतो, पण लाइट गेली की कॉम्प्युटरही जातो. काम सेव्ह करून वर्षातून दोनदा प्लग काढून बघा. पाच मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला.

आणखी एक गोष्ट. रोज ‘शट डाउन’ करून भागत नाही. विंडोजमधल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन पूर्ण होत नाही; सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून सकाळी तसाच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज बंद होणारं मशीन तिथे वीस-पंचवीस दिवस दाखवत असेल तर नवल नाही. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. मशीन हँग होण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

विंडोज १० अजून चालू आहे?

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले; ऑफिस २०१६ आणि २०१९ चेही त्याच दिवशी. कंपन्यांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं मुदतवाढ मिळते, पण त्याची किंमत दरवर्षी दुप्पट होते. आमचं मत : पहिलं वर्ष घ्यायचं तर घ्या, दुसऱ्या वर्षाचे पैसे नव्या मशीनमध्ये घाला.

आपलं मशीन विंडोज ११ ला चालेल का हे प्रोसेसरच्या नावावरून कळतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे नाव दिसतं. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते : आय५-८४०० चालतो, आय५-७४०० नाही. प्रोसेसर बसतो, तरी ‘टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही’ असं येत असेल तर लगेच नवीन मशीन घेऊ नका. बऱ्याचदा ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’. चालू करण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं, आणि ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा आम्हालाही काढता येणार नाही.

घड्याळ मागे गेलं की

‘जीएसटीची साइट उघडत नाही, इंटरनेट तर चालू आहे.’ असा फोन करण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की, रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डचं बटण बंद केल्यावर, तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि अपडेट अडकतात. बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते. बदलताना बायोसचं सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतं, तेव्हा वर सांगितलेली की इथेही हाताशी हवी.

चोर आत कुठून येतो

घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं) पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, नंबर ३३८९ उघडून ठेवलेलं असतं. लहान ऑफिसात रॅन्समवेअर शिरण्याची ही सगळ्यात सरधोपट वाट. पोर्टचा नंबर बदलून काही होत नाही. स्कॅन करणारे प्रोग्रॅम सगळेच नंबर तपासतात. ते बंद करा, व्हीपीएन (ऑफिसशी जोडणारी खाजगी, सुरक्षित वाट) लावून देऊ. दुरून कॉम्प्युटर चालवणाऱ्या एनीडेस्कची मोफत आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरी वाट क्रॅक सॉफ्टवेअरची. विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारं टूल चालवताना आधी डिफेंडर बंद करा असं सांगतात, आणि पुन्हा चालू करायचं सगळेच विसरतात.

तिसरी, मेल किंवा व्हॉट्सॲप वेबवरून आलेलं ‘बिल’. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘इनव्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ नुसतं पीडीएफ दिसतं. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, सगळ्या मशीनवर आजच. शिवाय रोजच्या कामाचं लॉगिन ॲडमिनचं नको. ॲडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड मालकांकडे.

डीएससीचं (डिजिटल सहीचं) डोंगल काम झालं की काढा. व्यापाऱ्याचा बँक खाते बदलल्याचा मेल आला तर आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमधल्या नंबरवर नाही.

उपयोगी सॉफ्टवेअर, सगळी मोफत

लिबरऑफिस : पत्रं आणि साध्या शीट्ससाठी. सेव्हन-झिप : झिप फाइल्ससाठी, हे आणि विनरार दोन्ही आपोआप अपडेट होत नाहीत, वर्षातून दोनदा नवीन उतरवून घ्यावे लागतात. सुमात्रा पीडीएफ जुन्या मशीनवरही पटकन उघडतो. बिटवॉर्डन पासवर्डसाठी, मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीपेक्षा कधीही बरं. मराठी टायपिंगला वेगळं काही विकत घेऊ नका. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून बदला. जुन्या फाँटमधलं पत्र मेलमध्ये चिकटवलं की नुसती चिन्हं दिसतात, युनिकोडमध्ये तसं होत नाही.

फाइल्स उघडेनात, पैसे मागणारा निरोप दिसला तर

नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्या. फॉरमॅट मारू नका, आणि बॅकअपची डिस्क चुकूनही जोडू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, मग बँकेला. कंपन्यांना अशी घटना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावी लागते. तो मेल लिहायला आम्ही मदत करतो. आम्हाला फोन करताना कुठल्या मशीनवर आधी दिसलं, किती वाजता, आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, एवढं सांगा.