डोळ्यांत तेज आहे का? चिनी वैद्यकात पेशंटचं जगणं मोजायला सुरुवात कशी झाली

मावशीची किमो चालू होती तेव्हा दवाखान्यात एक फॉर्म भरायला दिला होता, मीच भरत होतो, ती सांगत होती. एक जिना चढताना त्रास होतो का, अनेक जिने चढताना होतो का, वाकता येतं का, आंघोळ स्वतःची स्वतः करता का. मावशी तळमजल्यावर राहते, जिन्याशी तिचा संबंध येतच नाही. ती सारखं एकच म्हणत होती, अरे चहाला चवच लागत नाही, आणि रात्री तीन वाजता टक्क जाग येते ते लिही ना. मी सगळा फॉर्म वरखाली बघितला, झोप कुठेच नाही, भूक कुठेच नाही. नंतर शोधलं तर कळलं की तो एसएफ-३६ होता, जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक. अमेरिकेत रँड संस्थेच्या मोठ्या अभ्यासातून तयार झालेली, जॉन वेअर आणि कॅथी शेरबोर्न यांनी १९९२ मध्ये मांडलेली, ३६ प्रश्न आणि ८ गट. चांगली आहे, खूप तपासून बनवलेली आहे, पण झोप आणि भूक खरंच नाहीये तिच्यात.

तिथून वाचत वाचत मी चिनी वैद्यकापर्यंत पोचलो, कारण हीच अडचण तिकडच्या लोकांना फार आधी जाणवली होती.

आधी थोडं मागे जाऊया. आजारी माणसाचं जगणं आकड्यात धरायचा आधुनिक प्रयत्न साधारण १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल कॅन्सरवर नायट्रोजन मस्टर्ड वापरून बघत होते, युद्धातल्या विषारी वायूंच्या अभ्यासातून निघालेलं औषध ते, आणि त्यांना प्रश्न पडला की गाठ कमी झाली हे ठीक, पण माणूस उठून कामाला लागला का? म्हणून त्यांनी १०० ते ० अशी पट्टी केली, १०० म्हणजे काही तक्रार नाही, ० म्हणजे मृत्यू. ही पट्टी आजही कॅन्सरच्या वॉर्डात वापरतात. पण आकडा ठरवतो डॉक्टर. पेशंटला विचारून नाही, पेशंटकडे बघून.

चीनमध्ये चित्र वेगळं होतं आणि तसं बघितलं तर उलटंच होतं. तिथे विचारणं हा तपासणीचाच भाग, बघणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि नाडी बघणं या चार परीक्षांमधली एक. मिंग काळात झांग जियेबिन नावाचे मोठे वैद्य होऊन गेले (१५६३ ते १६४०), त्यांनी काय काय विचारायचं याचं गाणंच करून ठेवलंय, 'दहा प्रश्नांचं गाणं' म्हणतात त्याला. पहिला प्रश्न थंडी-तापाचा, दुसरा घामाचा, तिसरा डोकं आणि अंगाचा, चौथा शौच-लघवीचा, पाचवा खाण्यापिण्याचा, सहावा छातीचा, मग ऐकू येतं का आणि तहान लागते का, शेवटचे दोन नाडी, रंग आणि वासाकडे वळतात. पुढच्या वैद्यांनी त्यात फेरफार केले पण सुरुवातीचा क्रम तसाच राहिला. मला हे वाचताना मावशीच आठवत होती, तिला जे सांगायचं होतं त्यातलं बरंचसं या गाण्यात चारशे वर्षांपूर्वीच आलेलं.

मग हे विचारणं हरवलं कुठे? तर ते हरवलं आधुनिक होताना, निदान संशोधनाच्या कागदावर तरी. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगडू इथे चिनी वैद्यकाची पहिली चार सरकारी कॉलेजं निघाली, हॉस्पिटलं आली, औषधांच्या ट्रायल आल्या. आणि ट्रायलचा निकाल लिहायची जी पद्धत रूढ झाली ती चार खान्यांची, पूर्ण बरा, खूप फरक, फरक आणि फरक नाही. खाना निवडणार कोण, तर उपचार करणारा डॉक्टरच! आता ज्याने औषध दिलं त्यानेच फरक पडला म्हणायचं, यावर बाहेरचे लोक विश्वास कसा ठेवतील. शिवाय पेशंटने जे पंधरा मिनिटं बसून सांगितलं, घाम, झोप, चव, चिडचिड, ते सगळं एका खान्यात कोंबून संपलं.

मलेरियाच्या औषधात ही अडचण नव्हती. १९६७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पात चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथाच्या आधाराने वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढलं, त्याला २०१५ चं नोबेल मिळालं, तिथे रक्तातले जंतू मोजता येत होते, आधी इतके नंतर शून्य, विषय संपला. पण जुनाट पोटाचं दुखणं, थकवा, किमोनंतरचा अशक्तपणा याला रक्तात मोजायचं काय? चिनी वैद्यक बाहेरच्या जगापुढे जिथे सगळ्यात जास्त दावा करतं तो भाग नेमका हाच, आणि मोजायला सगळ्यात अवघडही हाच.

१९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची स्वतःची प्रश्नावली करायला घेतली, १०० प्रश्नांची. विशेष म्हणजे ती एका देशात लिहून बाकीच्यांनी भाषांतर केली असं नाही, जगातल्या १५ केंद्रांत एकदम लोकांशी बोलून ती उभी केली, त्यात आपली दिल्ली आणि चेन्नई दोन्ही होती. चीनचं केंद्र त्या पहिल्या पंधरात नव्हतं, ग्वांगझूला प्राध्यापक फांग जिछियान यांनी चिनी आवृत्तीचं काम नंतर केलं. आणि त्या आवृत्तीत जगाच्या यादीत नसलेले प्रश्न शेवटी जोडलेत, घरातल्या कुरबुरींचा जगण्यावर परिणाम होतो का, आणि भूक कशी लागते. मला हे फार आवडलं. एवढी मोठी आंतरराष्ट्रीय यादी हातात असताना तिकडच्या लोकांना वाटलं की भुकेचं विचारल्याशिवाय पुढे कसं जायचं.

पण खरा टप्पा आला २००५ मध्ये. हाँगकाँगचे ल्यूंग क्वोक-फाई, ग्वांगझूचे लिऊ फेंगबिन, हेच फांग जिछियान आणि त्यांचे सहकारी यांनी चिनी वैद्यकाच्या स्वतःच्या कल्पनेवरून नवीन प्रश्नावली प्रसिद्ध केली. भाषांतर नाही, जोडकाम नाही, सुरुवातच इथून की निरोगी माणूस म्हणजे काय याचं आमच्या ग्रंथांत काय उत्तर आहे. उत्तर असं की देह आणि चैतन्य एकत्र नांदणं, आणि भावना ताळ्यावर असणं. त्यावरून तीन भाग पडले, देह, चैतन्य आणि भावना. एकूण ५० प्रश्न, १३ उपभाग.

ते उपभाग बघा जरा. देहाच्या भागात चेहऱ्याचा रंग, झोप, अंगातला दम, भूक आणि पचन, हवामान बदललं की झेपतं का. चैतन्याच्या भागात शुद्धीवर असणं, विचारशक्ती, डोळ्यांतलं तेज आणि बोलणं. भावनांमध्ये आनंद, राग, उदासी, भीती-काळजी. डोळ्यांतलं तेज हे कुणाला गमतीचं वाटेल पण चिनी वैद्यकात त्याला फार वजन आहे, त्यांच्या सगळ्यात जुन्या ग्रंथांपैकी एकात, हुआंगडी नेइजिंगमध्ये, स्पष्ट म्हटलंय की ज्याच्यात चैतन्य आहे तो फुलतो, ज्याचं गेलं तो जातो, आणि ते चैतन्य वैद्य आधी डोळ्यांत बघतो. आणि आपण तरी काय वेगळं बोलतो, कुणी आजारातून उठून भेटलं की आपण म्हणतो तोंड उतरलंय, डोळे खोल गेलेत, पार रया गेली बघ. आपल्या आज्या जिने चढतोस का असं विचारायच्या नाहीत, जेवण जातं का विचारायच्या.

आता दुसरी बाजू पण सांगायलाच हवी. सिद्धांतावरून प्रश्नावली बनवली म्हणून तो सिद्धांत खरा ठरत नाही, आणि उपचार लागू पडतो हे तर त्याने अजिबात सिद्ध होत नाही. पट्टी फक्त मोजते, फरक कशामुळे पडला ते सांगायला तुलनेचा गट लागतो. याचं ठळक उदाहरण जर्मनीचं आहे. तिथे जुनाट कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर अॅक्युपंक्चरची ट्रायल झाली, निकाल २००७ मध्ये आला. फरक पडला की नाही ते पेशंटच्या उत्तरांवरून ठरवलं. खऱ्या अॅक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, खोट्या जागी वरवर सुया टोचलेल्यांत ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या उपचारात २७.४ टक्के. म्हणजे नेहमीच्या उपचारापेक्षा बरंच जास्त, पण खरी जागा आणि खोटी जागा यात जवळपास काहीच अंतर नाही! तरी तिथल्या विम्याने कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी ते मान्य केलं. पेशंटला बरं वाटणं आणि उपचाराचा सिद्धांत खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, हे मी तरी त्या आकड्यांवरून शिकलो.

इंग्लंडमध्ये शार्लट पॅटरसन या फॅमिली डॉक्टरने आणखी वेगळी वाट काढली, १९९६ मध्ये. तिच्या फॉर्ममध्ये तयार लक्षणांची यादीच नाही. पेशंटने स्वतःच्या शब्दांत एक-दोन त्रास लिहायचे, जे करता येत नाही असं एक काम लिहायचं, आणि ० ते ६ मध्ये गुण द्यायचे. पुढच्या भेटीत तेच शब्द, नवे गुण. पुढे ती अॅक्युपंक्चर घेणाऱ्यांशी बोलली तेव्हा लक्षात आलं की लोक जे बदल सांगतात त्यातले बरेच नेहमीच्या प्रश्नावल्यांत पकडलेच जात नाहीत.

चीनमध्ये आता हे विचारणं परत रोजच्या कारभारात आलंय, थोड्या वेगळ्या रूपात. प्राध्यापक वांग छी यांनी माणसांच्या ९ प्रकृती मांडल्या आणि त्या ओळखायची ६० प्रश्नांची यादी केली, २००९ मध्ये ती तिकडच्या वैद्यक संघटनेचं मानक झाली. तिचंच ३३ प्रश्नांचं छोटं रूप सरकारी आरोग्यसेवेत ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी वापरतात. आपल्याकडच्या प्रकृती परीक्षणासारखंच वाटतं ते ऐकताना, पण ती प्रकृतीची यादी आहे, जगणं कसं चाललंय याची नाही.

मावशीच्या त्या फॉर्मच्या शेवटी मी पेनने एक ओळ जास्तीची लिहिली होती, चहाला चव नाही, पहाटे तीनला जाग. नर्सने फॉर्म घेतला, ती ओळ वाचली आणि मावशीला विचारलं, किती दिवस झाले?