आरएनपी १० आणि आरएनपी ४: फरक नुसत्या मैलांचा नाही

समुद्रावरच्या हवाई हद्दीबद्दल वाचताना आरएनपी हा शब्द येतो, म्हणजे विमानाने आपला मार्ग किती अचूक धरायचा याची अट, आणि बऱ्याच जणांचा असा समज होतो की आरएनपी १० म्हणजे जरा सैल नियम आणि आरएनपी ४ म्हणजे तोच नियम, फक्त कडक. आकडे तसंच सांगतात म्हणा, पहिल्यात उड्डाणाचा ९५ टक्के वेळ विमान आपल्या मार्गाच्या १० नॉटिकल मैलांच्या आत हवं, म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटर, आणि दुसऱ्यात ४ मैलांच्या. पण खरी गंमत मैलांत नाहीये.

आधी सारखं काय ते बघू. किनाऱ्यापासून समुद्रात दोनेकशे मैल गेलं की जमिनीवरचं रडार आणि व्हीओआर-डीएमई (विमानाला दिशा आणि अंतर सांगणारी जमिनीवरची रेडिओ केंद्रं) दोन्ही संपतात, म्हणून दोन्हीकडे दोन स्वतंत्र लाँग रेंज नेव्हिगेशन सिस्टिम, म्हणजे या केंद्रांशिवाय विमान कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्रणा लागतात, एक बंद पडली तर दुसरी आहे आणि दोघींचं जुळेना तर काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळतं. आणि ऑटोपायलट खरंच त्यांच्या मार्गावर चालतोय ना हे बघणं अगदी जीवनमरणाचं आहे. १९८३ मध्ये कोरियन एअर लाइन्सच्या फ्लाइट ००७ मध्ये इनर्शियल सिस्टिम (विमानाची हालचाल आतूनच मोजून जागा काढणारी) होती, पण ऑटोपायलट तिच्या मार्गावर कधी गेलाच नाही, विमान भरकटत सोव्हिएत हद्दीत शिरलं, तिथे पाडलं गेलं आणि २६९ माणसं गेली.

आता आरएनपी १०. इथे दोन्ही सिस्टिम निव्वळ इनर्शियल असल्या तरी चालतात. गेटवर उभं असताना अक्षांश-रेखांश भरायचे, मग पुढे जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर प्रत्येक हालचाल मोजून विमान कुठे आहे ते काढत राहतात, बाहेरून काहीच लागत नाही. मात्र मोजण्यातली बारीक चूक साठत जाते, म्हणून जीपीएस नसलेल्या विमानाला साधारणपणे ६.२ तासांची मर्यादा असते, आणि हे तास समुद्र लागल्यावर नाही तर सिस्टिम नॅव्ह मोडला टाकल्यापासून मोजतात, म्हणजे टॅक्सीवेवर रांगेत गेलेला वेळसुद्धा त्यातच धरला जातो! वाटेत डीएमईचं अपडेट मिळालं तर मुदत वाढते, पण पॅसिफिकच्या मधोमध ते मिळणार कुठून.

आणि मुख्य मुद्दा हा की चूक हद्दीबाहेर गेली तर विमानाने स्वतः ओरडून सांगावं अशी अट आरएनपी १० मध्ये नाहीच. त्यामुळे आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) पीबीएन मॅन्युअलप्रमाणे, म्हणजे अशा अचूकतेच्या अटींच्या पुस्तकाप्रमाणे, ते खरं तर आरएनएव्ही १० आहे (ती अट नसली की आरएनएव्ही, असली की आरएनपी), पण मंजुऱ्या जुन्या नावाने दिलेल्या होत्या म्हणून नाव तसंच ठेवलं. माझ्या मते तेव्हाच बदलायला हवं होतं, अर्धा गोंधळ त्यामुळेच आहे.

आरएनपी ४ मध्ये ती अट आहे. म्हणून जीपीएससारखी उपग्रह सिस्टिम लागतेच, आणि रिसिव्हर जास्तीच्या उपग्रहांवरून स्वतःचंच उत्तर तपासत राहतो, याला रेम म्हणतात. बोइंगच्या कॉकपिटमध्ये हवी ती अचूकता आणि प्रत्यक्ष मिळणारी अचूकता असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा झाला की ‘अनेबल’वाला (unable, म्हणजे हवी ती अचूकता मिळत नाही) मेसेज येतो.

पण नुसत्या आरएनपी ४ ने विमानं जवळ आणता येत नाहीत, हे फार लोक विसरतात. आरएनपी १० ला शेजारच्या मार्गांत ५० मैल अंतर ठेवतात, आरएनपी ४ ला ते ३० आणि आताच्या नियमांत २३ पर्यंत येतं, पण त्यासाठी सीपीडीएलसी (कंट्रोलर आणि पायलटमधले लेखी निरोप) आणि एडीएस-सी (विमानाने आपली जागा आपोआप कळवत राहणं) सुद्धा हवंच, कारण कंट्रोलरला विमान कुठे आहे हे वेळेवर कळलं नाही आणि त्याचा निरोप विमानापर्यंत लगेच पोचला नाही तर नेव्हिगेशन कितीही अचूक असो, त्याच्या हातात काही राहत नाही.

मधेच जॅमिंगमुळे जीपीएस गेलं तर? आरएनपी ४ तिथेच संपतं, ताबडतोब कंट्रोलरला कळवायचं, तो अंतर वाढवतो. इनर्शियल चालूच असते, त्यामुळे विमान बहुतेक वेळा १० च्या हिशेबाने पुढे जाऊ शकतं, फक्त आता जीपीएसच्या शेवटच्या अपडेटपासून चूक पुन्हा साठायला लागलेली असते.