'कल्याण खजिना': हरवलेल्या मूकपटाची पार्श्वभूमी

बाबुराव पेंटरांचा 'कल्याण खजिना' (१९२४) घडला कोल्हापुरात, पण त्याची कथा उत्तर कोकणातली. उल्हास नदीच्या खाडीवरचं कल्याण हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून स्वराज्यात आली. आबाजी सोनदेवांनी खजिना पकडला, सोबत सुभेदाराची सून सापडली आणि महाराजांनी तिला साडीचोळी देऊन मानाने परत पाठवलं, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. समकालीन कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही. मूकपट मात्र तिच्यावरच उभा राहिला, आणि ते स्वाभाविकच होतं.

मला वाटतं, खरा खजिना ते बंदर होतं. खाडीत गलबतं बांधायला घेतली गेली, पोर्तुगीज कारागीर कामाला लावले आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात इथून झाली. दुर्गाडी किल्ला आजही खाडीकाठी उभा आहे.

ऐतिहासिक पोशाखपट ही पेंटरांची खास वाट. आदल्या वर्षी त्यांनी 'सिंहगड' काढला होता, त्यात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. मूळचे ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार. तरीही सिनेमात नुसत्या रंगवलेल्या पडद्यावर भागवणं त्यांनी नाकारलं आणि भरीव नेपथ्य उभं केलं. प्रसंग आधी कागदावर रेखाटायचा, पोशाख, पगडी, दागिना ठरवायचा, मग कॅमेरा लावायचा. जाहिरातीची चित्रंही स्वतः रंगवायची. शब्द ऐकू येत नसताना दरबार, सरदार आणि परक्या घरातली स्त्री प्रेक्षकाने ओळखायची ती अशा तपशिलांवरून, म्हणून ही मेहनत मला फार मोठी वाटते. लंडनमधल्या वेम्बलीच्या प्रदर्शनात या चित्रपटाला पदकही मिळालं.

आज त्याची प्रत मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची: झटकन पेट घेणारी, दमट हवेत आधी चिकट होणारी, शेवटी तिची भुकटी होते. बोलपट आले तशी मूकपटांची मागणी संपली. कितीतरी जुनी रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली गेली. पेंटर १९५४ मध्ये गेले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये.