लॉकडाऊन, ऑनलाइन शाळा आणि एडीएचडी असलेलं मूल: घरात नक्की काय बिघडलं?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात पहिली ते चौथीच्या बहुतेक मुलांना परत वर्गात बसायला थेट डिसेंबर २०२१ उजाडला. एवढ्या काळात एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं आणि स्वतःला आवरणं जड जाणं) असलेल्या मुलांच्या आईवडलांकडून एक वाक्य सारखं ऐकायला मिळायचं, "आधी एवढा नव्हता हो हा, घरात बसून बसून बिघडला."

खरं तर लॉकडाऊनने एडीएचडी होत नाही. मेंदूची वाढच जरा वेगळ्या पद्धतीने होत असते, जगभरात साधारण ५ टक्के मुलांमध्ये हे दिसतं आणि जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांमधून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. मग बिघडलं काय, तर त्या मुलाला बाहेरून मिळणारा आधार एका रात्रीत काढून घेतला गेला.

कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो तो आपल्याला "थांब, आधी हे कर, मग ते" असं सांगत असतो. या भागाला नीट काम करायला डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन ही दोन रसायनं योग्य प्रमाणात लागतात आणि एडीएचडीमध्ये नेमकी इथेच गडबड असते. २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांचे एमआरआय तपासले, तर मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांमध्ये सरासरी साडेसातव्या वर्षी कमाल होत होती आणि एडीएचडी असलेल्यांमध्ये साडेदहाव्या, म्हणजे तब्बल तीन वर्षं उशिरा. त्यामुळे चौथीतल्या मुलाने चौथीतल्यासारखं स्वतःचं स्वतः आवरून बसावं ही अपेक्षाच त्या मेंदूला जड जाते, मूल कितीही हुशार असलं तरी.

दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो तसा या मुलांना दिवसाचा मांडव लागतो. सकाळी खाली हॉर्न वाजवणारे रिक्षावाले काका, शाळेची घंटा, दर ३५ मिनिटांनी बदलणारा तास, मधल्या सुट्टीत मैदानावर जीव तोडून पळणं, बाईंची नजर, आणि शेजारी वही उघडून लिहायला लागलेला मित्र ज्याच्याकडे बघून आपणही वही उघडतो, हे सगळं मिळून मुलाच्या मेंदूचं अर्धं काम करत होतं आणि आपल्या कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये त्याच्या जागी काय आलं? आईच्या मोबाईलचा छोटा स्क्रीन, चाळीस चौकोनी चेहरे, माइक म्यूट, वरून व्हॉट्सअपचं नोटिफिकेशन, आणि त्याच खोलीत बाबांचा ऑफिसचा कॉल चालू. बाईंनी तीन सूचना एकदम दिल्या की तिसरी येईपर्यंत पहिली पुसली गेलेली असते, कारण तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवायची क्षमता आधीच तोकडी, आणि वर्गात बाई जवळ येऊन पुस्तकावर बोट ठेवायच्या ते इथे कोण ठेवणार?

औषधांचं तर फारच वाईट झालं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं. एडीएचडीसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सर्वात कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतं, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत केमिस्टला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली, फोनवरून किंवा व्हिडिओवरून औषध लिहून द्यायला अधिकृत मुभा मिळाली, पण शेड्यूल एक्सची औषधं त्यातून पूर्ण वगळलेली. दुरुपयोगाची भीती खरी आहे, मान्य, पण ज्या मुलाचं औषध आधीपासून चालू होतं त्याच्या पालकांनी तालुक्याच्या गावातून जिल्हा ओलांडून शहरातल्या डॉक्टरांकडे जायचं तरी कसं, एसटी बंद, ई-पासची भानगड. आणि हे औषध काही तासच काम करतं, शरीरात साठून राहत नाही, त्यामुळे गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी घरात फरक दिसतो. अॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध शेड्यूल एक्समध्ये नाही पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. जुन्या पेशंटसाठी तरी अपवाद करायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

युरोपातल्या एडीएचडी तज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्येच याबद्दल मार्गदर्शन छापलं होतं. औषध चालू ठेवा, घरी आहे म्हणून शनिवार-रविवारची सुट्टी देऊ नका, आणि मूल फार त्रास देतंय म्हणून स्वतःच्या मनाने डोस अजिबात वाढवू नका. शेवटचा सल्ला फार महत्त्वाचा, कारण दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं कोंडलेली असताना तो मोह कोणालाही होऊ शकतो.

साथ आणि हा विषय यांचं नातं तसं जुनं आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एन्सेफलायटिस लेथार्जिका नावाची मेंदूज्वराची साथ आली होती, त्यातून वाचलेली काही मुलं नंतर अतिशय चंचल आणि उतावळी झाली, आणि अशा वागण्याचं मूळ संस्कारात नसून मेंदूत असू शकतं हे डॉक्टरांना तेव्हा पहिल्यांदा एवढं ठळक दिसलं. शंभर वर्षं झाली तरी आपल्याकडे "दोन फटके द्या, सरळ होईल" हेच ऐकू येतं.

घरात मांडव परत उभा करायचा म्हणजे वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे. या मुलांना "अर्धा तास" हे आतून कळतच नाही, म्हणून भिंतीवर मोठं काट्यांचं घड्याळ, दहा-पंधरा मिनिटांचा अभ्यास आणि लगेच उठून दोरीच्या उड्या किंवा जिने चढउतार, कारण व्यायामाने तीच दोन रसायनं वाढतात. बक्षीस रविवारी देऊ म्हटलं तर उपयोग शून्य, ते आत्ता, गणित झाल्या झाल्या मिळालं पाहिजे, मग ते कॅरमचा एक डाव का असेना. स्वयंपाकघरातून ओरडून सांगण्यापेक्षा जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि नुसतं शेजारी बसा, तुमचं काम करत, शिकवू नका. झोपेची वेळ मात्र घट्ट धरा कारण यातल्या बऱ्याच जणांना मुळातच झोप उशिरा येते आणि सकाळची शाळा नसली की ती घसरत रात्री दोनपर्यंत जाते.

आता हे सगळं करणार कोण, तर आईच, बहुतेक घरांत. त्यात आनुवंशिकतेचा आकडा आठवा, म्हणजे आई किंवा बाबा यांच्यापैकी कोणालातरी स्वतःलाच एडीएचडी असण्याची शक्यता चांगलीच आहे, बऱ्याचदा निदान न झालेला, आणि वर्क फ्रॉम होममध्ये त्यांचाही ऑफिसचा मांडव गेलेला. ज्याला स्वतःची डेडलाइन सांभाळता येत नाहीये त्याने मुलाचं वेळापत्रक चालवायचं, मग चिडचिड होणारच. अशा वेळी मोठ्यांनीही तपासून घ्यावं, निदान चाळिशीतही होतं आणि उपचारही मिळतात.

एक गोष्ट मला आशेची वाटते. फ्रान्समध्ये पहिल्या लॉकडाऊनमध्ये एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांना विचारलं तर साधारण एक तृतीयांश मुलांचं बिनसलं होतं, तेवढ्यांमध्ये फरक नव्हता, आणि जवळपास तेवढीच मुलं चक्क सुधारली होती, कारण शाळेतला ताण आणि बोलणी गेली आणि आपल्या वेगाने, उभं राहून, मध्ये फिरून येऊन अभ्यास करता आला. तुमचं मूल या तिसऱ्या गटातलं असेल तर घरी नेमकं काय चाललं होतं ते कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला नेऊन द्या, मागच्या बाकाजवळ उभं राहून लिहायची परवानगी, दर वीस मिनिटांनी वह्या वाटायचं काम, सूचना फळ्यावर लिहून, एवढं मागायला काही सर्टिफिकेट लागत नाही.