कंपवात म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे

सांगली-मिरजेकडे वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला की ‘वय झालंय, मेंदू थकणारच’ असे सर्रास म्हटले जाते. वाढते वय हा कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचा, मोठा धोका आहे हे खरे. मात्र या आजारात सगळा मेंदू सारखा थकत नाही. हालचाली मंदावतात त्या मुख्यतः मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातील डोपामाइन (पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत गेल्यामुळे. त्यांच्या शेजारच्या व्हेंट्रल टेगमेंटल भागातील पेशीही डोपामाइनच बनवतात, तरी त्या बऱ्याच तग धरतात. सगळा दोष वयाचाच असता, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एवढा फरक पडला नसता.

फरक कामाच्या बोजात आहे. नायग्रातील एकेका पेशीचा तंतू असंख्य फाटे फोडून इतर पेशींशी लाखो जोडण्या सांभाळतो. तासगावचा बागायतदार द्राक्षवेलीवरचे जादा घड वेळीच विरळ करतो, तशी सोय या पेशीला नाही. शिवाय ती स्वतःच्याच ठेक्यावर अखंड स्पंदत राहते, प्रत्येक स्पंदनासोबत आत शिरणारे कॅल्शियम बाहेर काढण्यात तिची ऊर्जा खर्च होते, आणि ती ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया झिजत जातात. त्यातच पेशीत मोकळ्या राहिलेल्या डोपामाइनपासून घातक रसायने तयार होतात आणि अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन गोळा होऊन साचते.

मग कॅल्शियमची वाट अडवली तर? तसे करणाऱ्या इस्रॅडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने आजाराचा वेग कमी झाला नाही.