ग्रीसच्या बेटावरचं लग्न: व्हिसा नेमका कुठे अडतो

पत्रिका हातात आली. वर गजानन, खाली 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे', आणि मंगल कार्यालयाच्या जागी छापलेलं फोलेगांद्रोस, ग्रीस. आमच्या घरच्या अशाच एका लग्नासाठी मी चौदा जणांचे अर्ज भरले. तीन परत आले. तिघांकडे पैसे होते, पासपोर्ट होते, जायची हौस तर होतीच. कागदांचा एकमेकांशी मेळ नव्हता, एवढंच.

नेहमीचं आधी उरकू. लागतो तो शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. शुल्क ९० युरो, ६ पूर्ण पण १२ वर्षांखालच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांना सूट आहे.

आता अडणाऱ्या गोष्टी.

पहिली म्हणजे ही पत्रिकाच. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचून आपल्याला गहिवरून येतं, व्हिसा अधिकाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. 'श्री. व सौ. आणि परिवार' यात नेमके कोण कोण? म्हणून यजमानांकडून इंग्रजीत साधं पत्र घ्या. लग्नाची तारीख, ठिकाण, तुमचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, नातं, राहण्याचा खर्च कोणाचा आणि तिकिटाचा कोणाचा, हे सगळं त्यात स्पष्ट हवं. नाव पासपोर्टवर असेल तेच. आमच्या काकूंचं लग्नात नाव बदललेलं. सगळ्या घरासाठी त्या एक, पासपोर्टवर माहेरच्या नावाने दुसऱ्याच. पत्र घरच्या नावाने गेलं आणि अर्ज परत आला. ज्या बाईला कोणी बोलावलंच नाही, ती ग्रीसला का निघाली आहे, असा तो प्रश्न. चिडचिड झाली, पण कागद पाहिला तर तो तेच सांगत होता.

दुसरी गोष्ट राहण्याच्या जागेची, आणि ती शांत बेटांवर जास्त छळते. फोलेगांद्रोसची वस्ती हजाराच्या आत. मोठी हॉटेलं नाहीत, घरगुती खोल्या जास्त. नवरदेवाने फोनवर सहा खोल्या सांगून ठेवल्या, आगाऊ रक्कम दिली, विषय संपला. व्हिसासाठी मात्र तुमच्या नावाचा कागद लागतो. खोलीच्या मालकाकडून ईमेलवर लिहून घ्या: पाहुण्यांची नावं, तारखा, पत्ता, फोन, पैसे भरल्याची नोंद. चार ओळी पुरतात, पण मागायला तिकडच्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, जाऊ नका. हंगामात मालक खोल्या आवरत असतो, तुमचं ईमेल वाचत नसतो. काही एजंट 'दाखवायला बुकिंग' काढून देतात आणि अर्ज गेला की रद्द करतात. तिकडून एक चौकशी झाली की अख्ख्या अर्जावरचा विश्वास जातो. त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी, पैशाची बाजू. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक तीन लाख आले तर ते उसने आणल्यासारखे दिसतात. मुलीने भरले असतील तर तिचं पत्र, तिचं स्टेटमेंट, तिचं आयकर विवरणपत्र जोडा. सगळ्यात जास्त कसरत झाली सांगलीच्या मामांची. शेती आहे, उसाचं बिल कारखान्याकडून थेट खात्यात येतं, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे विवरणपत्र कधी भरलंच नाही. यादीत ते मागितलेलं, मामा म्हणाले, "नाही ते कुठून आणू?" आम्ही सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, उसाच्या जमा रकमा खुणा केलेलं पासबुक, या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर आणि विवरणपत्र का नाही याचं अर्ध्या पानाचं पत्र जोडलं. मामांचा व्हिसा पहिल्या फेरीत आला. नसलेल्या कागदाची जागा रिकामी ठेवण्यापेक्षा तो का नाही ते लिहावं. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद आणि परत येण्याचं कारण दाखवणारं काही: घर, जमीन, सांभाळायची माणसं.

तारखांबद्दल लोक सर्रास चुकतात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. हे १५ दिवस वाचून लोक निवांत बसतात. अहो, ती शेवटची रेषा आहे! निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात, पण शंका आली तर ते ४५ होऊ शकतात. शिवाय पासपोर्टची ने-आण वेगळी, आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. सप्टेंबरचं लग्न असेल तर एप्रिलमध्ये हालचाल करा.

जोडून इटली फिरणार असाल तर अर्ज कोणाकडे? दिवस जिथे जास्त, त्या देशाकडे. सारखे असतील तर आधी जिथे उतरणार त्यांच्याकडे. आमच्यातल्या एका जोडप्याने लग्नाला चार दिवस आणि इटलीत आठ दिवस ठेवून अर्ज ग्रीसकडे दिला. परत आलेले बाकीचे दोन अर्ज ते हेच.

तुर्कस्तानचं आणखी वेगळं. कोस किंवा ऱ्होड्स या ग्रीक बेटांवरून समोरचा तुर्की किनारा बोटीने जवळ आहे, म्हणून एक दिवस जाऊन येऊ असं ठरतं. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, म्हणून तुमच्या व्हिसावर एकच प्रवेश असेल तर तिकडे पाय ठेवला की तो संपला. परत बेटावर येता येणार नाही, आणि सामान मात्र खोलीवर. काही बेटांवर उतरल्यावर व्हिसा मिळतो असं वाचलं असेल, तर ती सोय तुर्की नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथल्या ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी पाहा.

फोलेगांद्रोसला विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून किंवा सॅंटोरिनी बेटाहून बोट. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो फार वाढला की बोटी बंदरातच थांबतात. म्हणून बेटावरून निघायचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नका. मधे अथेन्सची एक रात्र ठेवा आणि ती अर्जातल्या दिवसांत, विम्यात, बुकिंगमध्ये सगळीकडे धरा.

नकार आलाच तर पत्रावर कारणासमोर खूण असते. शुल्क परत मिळत नाही. अपिलाची वाट त्याच पत्रात दिलेली असते; पण चूक कागदाची असेल आणि वेळ हातात असेल तर ती दुरुस्त करून नवा अर्ज टाकणं बरं. काकूंना आम्ही तसंच नेलं.

पासपोर्ट परत आला की स्टिकर तिथेच उघडून वाचा. 'पासून-पर्यंत' ही मुदत बहुतेक वेळा राहण्याच्या दिवसांपेक्षा मोठी असते. खरी मर्यादा दिवसांच्या आकड्याची. मुदत २५ दिवसांची आणि दिवस १० लिहिले असतील तर अकराव्या दिवशी तुम्ही बेकायदा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्याजाण्याची नोंद संगणकावर घेणं सुरू झालं आहे, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे सबब चालायची नाही. आणि सगळ्या कागदांची एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. अथेन्सला खिडकीतल्या माणसाने मामांना विचारलं, कुठे राहणार? मामांनी खोलीवाल्या बाईंच्या चार ओळींचा कागद पुढे केला.